वाऱ्यासाठी ठेवलेल्या काड्या

फुनाबोरी, तोक्यो
९ मार्च २०२५

चि. नेत्रा,

बाटली पोचली. फुटली नाही. आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलणी खा.

गेले चार रविवार फोनवर तू मला "सगळं छान आहे मावशी" म्हणालीस. चारही वेळा एकाच सुरात. तुझी आई गेल्यानंतरही तू सहा महिने असंच म्हणत होतीस आणि वजन अकरा किलो उतरलं होतं. कागदावर खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात, म्हणून यापुढे पत्रच लिही. फोन केलास तर मी उचलणार नाही. जयेश म्हणतो, "आई, टपाल खात्याची शेवटची गिऱ्हाईक तू." म्हणू दे.

आता वाइनचं. आमच्या सूनबाईने, अश्लेषाने, बाटली सोया सॉसच्या शेजारी ठेवली होती, ती मी तिथून हलवली. बावीस वर्षं मोहाडीला द्राक्षं पिकवली, पण त्यांची दारू कधी जिभेवर ठेवली नव्हती. तू लिहिलंयस की हे द्राक्ष तिथलंच, समुद्रकाठच्या कड्यावरचं, बाहेरून आणलेलं नाही, आणि गावातले लोक त्याला नुसतं 'इसो' म्हणतात. म्हणून दोन चमचे घेतली. आमसुलाच्या सारात मीठ दोनदा पडावं तशी लागली. पण गिळल्यावर घशात काहीतरी राहिलं, पावसात भिजलेल्या दगडाच्या वासासारखं. चांगली आहे असं म्हणणार नाही. संध्याकाळी आणखी एक चमचा घेतली, एवढं लिहिते.

माझं काय विचारतेस? सहावा मजला. सोमवारी जळणारा कचरा, गुरुवारी प्लॅस्टिक, बाटल्या-डबे दुसऱ्या शनिवारी. तक्ता पाठ झाला. जयेशची नुपूर पंधराची झाली, मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, दोघींचं चालतं. बाग विकून इथे आले ती माझ्या होकाराने आले, त्याची तक्रार नाही. फक्त हातांना काम नाही.

मला एकच सांग. कोबेची चांगली प्रयोगशाळा सोडून तू एका म्हाताऱ्याच्या उतारावर का राहिली आहेस, आणि तिथे काय बिघडलं आहे?

आता आशीर्वाद.

सुचित्रामावशी

*

हामासे, वाकायामा
२४ मार्च

प्रिय मावशी,

बिघडलं आहे. तू कागद मागितलास, आता वाच.

ओकुदा-सान फेब्रुवारीच्या शेवटी बागेत पडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक आहे. वय त्र्याऐंशी, मूलबाळ नाही, बायको बारा वर्षांपूर्वी वारली. दीड तासावरच्या शहरात रुग्णालयात आहेत. भेटायला जाणारी मी एकटीच, आणि बाकी वेळ कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, तासांवर काम.

इथे का राहिले, ते सांगता येईल की नाही माहीत नाही. मी आले होते द्राक्षांवरचे किण्व, म्हणजे यीस्ट, गोळा करायला, पाच दिवसांसाठी. बाग म्हणजे समुद्रातून सरळ वर चढणारा कडा. त्यावर दगडी बांध घालून एकेचाळीस पायऱ्या केल्यात, प्रत्येक पायरीवर वेलांची एकच ओळ. दोन ओळींना जागाच नाही. वर-खाली न्यायला एका रुळावर चालणारी मोटारगाडी आहे, खुर्चीएवढी, पूर्वी संत्र्यांच्या पेट्यांसाठी बसवलेली. हे द्राक्ष अशा उतारांवर सगळीकडे होतं म्हणतात, आता बाग उरली ती ही. संशोधन केंद्रात चार कुंड्या आहेत, त्यांना दरवर्षी पानं येतात, वाइनजोगं फळ कधी आलं नाही. खाडीपलीकडची छोटी वायनरी ओकुदा-सान यांची द्राक्षं वेगळ्या टाकीत घालते. वर्षाला तीनशे बाटल्या होतात. तुला पाठवलेली त्यातली.

पडण्याआधी त्यांनी उतार माझ्या नावे करायचा अर्ज दिला होता. शेतजमीन परक्याला सहज मिळत नाही. गावची शेती समिती नोव्हेंबरमध्ये ठरवेल. ते एवढंच बघणार की या वर्षीचं पीक मी स्वतःच्या जबाबदारीवर काढलं का. काढलं तर उतार माझा. नाही तर वेल काढून जमीन मोकळी. समितीला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, इथे दरवर्षी असे चार-पाच उतार मोकळे होतात.

एक मागते. एप्रिलमध्ये ओकुदा-सान यांची शस्त्रक्रिया आहे, मला बारा दिवस तिथेच खोली घेऊन राहावं लागेल. तू इथे येशील? बागेत करण्यासारखं काही नाही, फक्त कोणीतरी असावं. रानडुकरांचं कुंपण बघायचं, बस. तुला मी बाग काय शिकवणार? तुझ्याच बागेत मी पहिल्यांदा वेलीला हात लावला.

नेत्रा

*

फुनाबोरी
२ एप्रिल

चि. नेत्रा,

दहा तारखेला निघते. शिन-ओसाकाला गाडी बदलायची ती नुपूरने कागदावर चित्रासकट लिहून दिली आहे. जयेश म्हणाला, "आई, अडुसष्टाव्या वर्षी कडा चढणार?" मी म्हटलं, "तू सहाव्या मजल्यावर लिफ्टने चढतोस, तुझी चिंता कर."

किल्ली कुठे ठेवतेस ते कळव. माझी कात्री मी आणते, दुसऱ्याच्या कात्रीने मला काम होत नाही.

मावशी

*

हामासे
१८ एप्रिल

चि. नेत्रा,

रुग्णालयाच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या म्हाताऱ्याला बरं वाटत असेल तर त्यांना वाचून दाखव, त्यांनाही बरं वाटेल.

तू लिहिलं होतंस, बागेत करण्यासारखं काही नाही. अगं, काय बघतेस काय तू? पहिल्या सकाळी त्या खुर्चीगाडीत बसून वर गेले आणि कपाळाला हात लावला. एकाही वेलीची छाटणी नाही! दीड-दोन मीटरच्या काड्या तशाच लोंबताहेत, टोकाचे डोळे फुटून पानं आलेली, आणि खालचे डोळे सगळे झोपलेले. सगळा जोर टोकाला चाललेला. एप्रिल अर्धा होत आला! आमच्याकडे या दिवसांत खरड छाटणी उरकून माणसं मोकळी होतात. मला कळलं, म्हातारा फेब्रुवारीत पडला, छाटणी राहिली, आणि तू रुग्णालय आणि दुकान यांत पिचलीस. तुला सांगायची लाज वाटली असणार. लाज कसली त्यात.

मग मी लागले कामाला. पाच दिवस. पहाटे पाचला सुरू, अकराला भाकरी, पुन्हा चार वाजेपर्यंत. प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर. खोडं काय सुंदर आहेत गं, माझ्या मांडीएवढी, साठ-सत्तर वर्षांची असतील. कापल्यावर पाणी टपटप सुटलं, वेल जिवंत आहे. आज बघते तर खालचे डोळे कापसासारखे फुगलेत. आठवड्यात फूट निघेल बघ. काड्यांच्या मोळ्या बांधून बांधाच्या कडेला लावल्या आहेत.

खालच्या घरातली म्हातारी, त्सुरु-सान ना तिचं नाव? ती दुसऱ्या दिवशी वर चढून आली. माझ्या कात्रीकडे बघून बरंच बोलली, समुद्राकडे हात केला, माझी बाही धरली. मी तिला चिवडा दिला. तिने तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. दुसऱ्याच्या बागेतलं काम शेजारणीला कधी पसंत पडलंय? मोहाडीलाही हेच. मी काम चालू ठेवलं.

वरच्या तीन पायऱ्या तेवढ्या राहिल्या. खुर्चीगाडीचं पेट्रोल संपलं आणि चालत तिथवर जाणं मला झेपलं नाही. त्या तू उरक.

खरं सांगते, तीन वर्षांत मला अशी झोप लागली नव्हती.

मावशी

*

हामासे
२७ एप्रिल

प्रिय मावशी,

तू सुखरूप पोचलीस हे जयेशच्या मेसेजवरून कळलं. पत्र मला वीस तारखेला मिळालं. ते मी ओकुदा-सान यांना वाचून दाखवलं नाही.

तीन वेळा लिहायला बसले. आता सरळ लिहिते.

त्या काड्या राहिल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या. इथे मेच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्रावरून एक वारा येतो. पाऊस नसतो, नुसतं मीठ असतं त्यात. कोवळी फूट असेल तर जळून जाते. म्हणून इथे हिवाळ्यात छाटत नाहीत. काड्या लांब ठेवायच्या, टोकाचे डोळे आधी फुटतात, मीठ ते खातात. तोवर खालचे डोळे झोपून राहतात. वारा गेला की मग कापायचं. ओकुदा-सान यांचे वडीलही असंच करत. त्सुरु-सान तुला हेच सांगत होत्या.

तुला आधी लिहायला हवं होतं. लिहिलंही होतं, चार ओळी, आणि मग खोडल्या. तुला द्राक्षाची छाटणी मी शिकवायची, हे मला आगाऊपणाचं वाटलं. वाटलं, तू बघशील आणि तुला कळेलच.

आता अडतीस पायऱ्यांवर फूट निघाली आहे. तू म्हणालीस तशीच, एकसारखी, सुंदर. कोवळ्या पानांत घडांचे कोंभही दिसतात. वारा दरवर्षी येतोच असं नाही. ओकुदा-सान यांच्या आठवणीत तीन वर्षं आला नव्हता. पंधरा तारखेपर्यंत निभावलं तर काही बिघडलं नाही.

काळजी करू नकोस.

नेत्रा

*

फुनाबोरी
३ मे

नेत्रा,

"काळजी करू नकोस" हे तू पुन्हा लिहिलंस. फोनवरचीच सवय.

आधी माझ्या मनातलं लिहिते, मग बाकीचं. तू सांगायला हवं होतंस. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, मनकवडी नाही. चार ओळी खोडल्यास! ज्या माणसाच्या हाती बाग देतो त्याला बागेची रीत सांगायची, यात मान-अपमान कुठे आला? मी माझ्या गड्यांना रोज सांगत होते.

हे लिहून झालं आणि अर्धा तास गॅलरीत उभी राहिले. आता बाकीचं. शेजारीण बाही धरते तेव्हा तिला काहीतरी सांगायचं असतं. मला तेही समजलं होतं. मी हात सोडवून घेतला. ते मी पत्रात लिहिलं नव्हतं.

तेव्हा अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. त्यात फिरवाफिरव नको.

जयेशच्या फोनवर तुमच्याकडचं हवामान सकाळ-संध्याकाळ बघते. काल तो म्हणाला, "आई, वारा बघून वारा थांबतो का?" मी त्याच्याशी बोलत नाही आहे.

पाण्याने मीठ धुता येईल का? टाकी भरून ठेव. आजपासून भर.

मावशी

*

हामासे
११ मे

मावशी,

सहा तारखेला दुपारी सुरू झाला, आठला पहाटे थांबला.

टाकी भरलेली होती. मी आणि त्सुरु-सान पायरी-पायरीने पाणी मारत वर गेलो. बाराव्या पायरीवर टाकी संपली. पुन्हा भरून वर न्यायला दोन तास. तेवढ्यात खालच्या ओळींवर पुन्हा मीठ. रात्री थांबलो.

पानं भाजलेल्या पापडासारखी झाली आहेत, बोटात धरली की मोडतात. कोंभ काळे. वरच्या तीन ओळींतल्या काड्यांची टोकं जळली आणि खालचे डोळे झोपलेले आहेत.

नवी फूट येईल, पण तिला घड नसतात हे तुला माहीत आहे.

काल रुग्णालयात गेले. ओकुदा-सान सध्या एकच प्रश्न विचारतात, "कापलं का?" या दिवसांत ते दरवर्षी कापतात ना. मी म्हटलं, "कापलं." त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका शांत झाला की मी तिथे थांबू शकले नाही.

काही दिवस लिहू नकोस.

नेत्रा

*

फुनाबोरी
२५ जून

चि. नेत्रा,

काही दिवस झाले. सहा आठवडे. मध्ये दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. जेवते आहेस ना, एवढंच विचारलं होतं दोन्हीत.

आज वेगळ्या कारणासाठी लिहिते. मला झोप येत नव्हती ती एकाच गोष्टीने. नोव्हेंबरमध्ये ती समिती बसेल, पीक नाही हे बघेल, आणि म्हणेल की या मुलीला बाग सांभाळता आली नाही. माझ्या हातची चूक तुझ्या नावावर चढेल. हे मला चालणार नाही. शेणात हात माझा गेला, तर वास माझ्याच हाताला यावा.

म्हणून मी समितीला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, अश्लेषाने समजावून सांगितलं, नुपूरने जपानीत उतरवलं. तिची भाषा फार अदबशीर आहे असं अश्लेषा म्हणते. सगळं स्पष्ट लिहिलं. मी कोण, नेत्रा बारा दिवस नव्हती, मी तिला न विचारता पाच दिवसांत अडतीस ओळी छाटल्या, शेजारणीने अडवलं तरी ऐकलं नाही. नेत्राचा यात काडीचाही दोष नाही. खाली सही केली. अर्धी चूक तुझी म्हटलं होतं ते त्यांना सांगितलं नाही, ते आपल्यातलं.

नुपूर पाकीट बंद करताना काहीतरी पुटपुटली. अश्लेषा म्हणाली, "ती विचारतेय, आजी, नेत्राआत्याला आधी दाखवायचं नाही का?" मी म्हटलं, "दाखवलं तर ती नको म्हणेल. तिला सगळं पोटात ठेवायची सवय आहे."

सोळा तारखेला टाकलं. पोचलं असेल. माणसं खरं बोलणाऱ्याचं ऐकतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. तुला एक वर्ष जास्त मिळेल बघ.

मावशी

*

हामासे
४ जुलै

मावशी,

जेवते आहे.

तुझं पत्र समितीला पोचलं. समितीचे चिटणीस मोरिओका-सान ते घेऊन परवा घरी आले. बूट काढले, गुडघ्यांवर बसले, पत्र दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं.

"हे आपल्या मावशींचं आहे का?"

"हो."

"अतिशय प्रामाणिक बाई आहेत. वाचून आम्हा सगळ्यांना गहिवरून आलं."

त्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे वारा आला तेव्हा काड्या कापलेल्या होत्या."

"हो."

"अर्जात तसं लिहिलेलं नाही, नेत्रा-सान."

तुला हे माहीत नव्हतं, कारण मी कळवलं नाही. मेच्या शेवटी मी समितीकडे नैसर्गिक आपत्तीचा अर्ज केला होता. वाऱ्याने पीक गेलं तर ते वर्ष मोजत नाहीत, पुढचं धरतात. त्यांनी येऊन जळकी पानं बघितली होती, फोटो काढले होते. मंजुरी जवळजवळ झाली होती, नुसता शिक्का राहिला होता. मी खोटं लिहिलं नव्हतं. वारा आला होताच. काड्यांबद्दल मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्सुरु-सान यांना सगळं माहीत होतं, त्याही गप्प राहिल्या. आणि मोरिओका-सान यांनाही दिसलं असणार, त्यांचं बालपण याच उतारांवर गेलंय. तेही गप्प होते. सगळं गाव गप्प राहून मला एक वर्ष देत होतं.

आता ते लेखी आलं. लेखी आल्यावर त्यांना न दिसल्यासारखं करता येत नाही. आपत्तीचा अर्ज रद्द झाला. शिवाय, ज्या बागेची जबाबदारी माझी ती मी न सांगता-सवरता दुसऱ्याच्या हाती दिली, अशी नोंद झाली. जाताना ते इतके वाकले की कपाळ चटईला लागलं. चिडले असते तर मी भांडले असते.

तू मला वाचवायला लिहिलंस हे मला कळतं. कळून उपयोग काय ते कळत नाही.

नेत्रा

*

फुनाबोरी
९ जुलै

नेत्रा,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं.

छाटायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. लिहायच्या आधीही. दोन्ही वेळा विचारलं नाही, कारण दोन्ही वेळा मला माहीत होतं काय बरोबर आहे ते. जन्मभर मी या गोष्टीचा अभिमान बाळगला.

म्हणशील तर येऊन समितीपुढे उभी राहते. नको म्हणशील तर येणार नाही. या वेळी विचारते आहे.

आणखी एक. चार काड्या पाठव. इथे गॅलरीत दक्षिणेचं ऊन आहे. मी लावते, जगवते. ते मला येतं.

नुपूर दोन दिवस जेवली नाही. तिला वाटतं, तिने जपानी चांगलं लिहिलं म्हणून हे झालं. तिला काय सांगू?

मावशी

*

हामासे
१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

एवढे दिवस लिहिलं नाही. राग नव्हता. लिहिण्यासारखं एकेक होत होतं आणि प्रत्येक वेळी वाटायचं, पुढचं झालं की एकदमच लिहू.

नुपूरला सांग, तिच्या जपानीत एकही चूक नव्हती आणि तिचा दोष नाही. हे मी तिला वेगळ्या कार्डावर जपानीतही लिहिलं आहे.

ओकुदा-सान चौदा सप्टेंबरला गेले. शेवटचा महिना त्यांना मी कोण ते आठवत नव्हतं. बाग आठवत होती. मला नर्स समजून सांगायचे, यंदा घड चांगले लागलेत, ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत कोणालाही तोडू देऊ नका.

घड लागले ते वरच्या तीन ओळींना. मेच्या मध्यावर मी त्या छाटल्या होत्या, ओकुदा-सान छाटत तशा. चौदा किलो निघाले. तुझ्या पायांनी जिथवर साथ दिली नाही, तेवढीच बाग फळली. हे टोचायला लिहीत नाही. मी रोज तिथे उभी राहून हेच बघत होते, दुसरं कोणाला सांगणार?

खाडीपलीकडच्या वायनरीत घेऊन गेले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. चौदा किलोंनी तळही झाकला जात नाही. घरी वाइन करायला इथे कायद्याने बंदी आहे, आणि मला आता कायद्याच्या बाहेर काही लपवायचं नाही. एक घड ओकुदा-सान यांच्या फोटोसमोर ठेवला. तिसऱ्या दिवशी माश्या लागल्या म्हणून काढला. बाकीच्या घडांचा त्सुरु-सान यांनी जॅम केला. साखर घातल्यावर तो कुठल्याही जॅमसारखा लागतो.

समितीने सात तारखेला निर्णय दिला. तू येऊन उभी राहिली असतीस तरी तोच दिला असता. उतार परत करायचा. तोही मोकळा करून, डिसेंबरच्या अखेरपर्यंत. रानडुकरांना वेल सापडले की ती बांध उकरतात, दगड खाली रस्त्यावर येतात, म्हणून खोडं जमिनीलगत कापून द्यावी लागतात. हा नियम सगळ्यांनाच आहे.

गॅलरीतल्या काड्यांचं तू विचारलं होतंस. नको, मावशी. संशोधन केंद्रात चार कुंड्या आहेतच. समुद्र नसला तर हे द्राक्ष नुसतं आंबट होतं. तू त्याला जगवशील, आणि रोज त्याच्याकडे बघशील. ते मला नको आहे.

जानेवारीपासून कोबेच्या एका कंपनीत नोकरी आहे. सोया सॉसचे किण्व.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. करवत घेऊन तीन वेळा पहिल्या पायरीवर गेले आणि परत आले. गावातले दोघं यायला तयार आहेत, यंत्र आणतील, एका दिवसात संपवतील. पण त्यांनी ते करावं असं मला वाटत नाही. मला हे जमत नाही. तुला जमेल. तू येशील?

नेत्रा

*

फुनाबोरी
२३ नोव्हेंबर

चि. नेत्रा,

तीस तारखेला येते. दुपारी तीन-वीसची गाडी. स्टेशनवर येऊ नकोस, रस्ता माहीत आहे.

यंत्र नको. हातकरवती दोन हव्यात, बारीक दात्यांच्या. ओल्या लाकडात मोठे दाते अडकतात. वीस सेंटिमीटरपर्यंत माती उकरून ठेव, जमिनीच्या वर कापलं तर मार्चमध्ये पुन्हा फुटतील, आणि ते बघायला तिथे कोणी नसेल. दिवसाला पाच-सहा ओळी होतील. आठवडा धर.

त्सुरु-सान यांना आधी सांगून ठेव की मी येते आहे. त्यांना मी दारात दिसायला नको असेन तर मागच्या वाटेने वर जाईन.

पत्र लिहायला बसण्याआधी एक विचार करून ठेवला होता, तुला काय सांगायचं. तो लिहीत नाही. माझ्याकडे तुला सांगण्यासारखं काही नाही.

फक्त कामाचं. एवढं जुनं खोड एकट्याने कापता येत नाही. अर्ध्यावर आलं की ते आपल्याच वजनाने करवतीवर बसतं. एकीने कापायचं आणि एकीने वेल दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, शेवटपर्यंत.

कापेन मी. धरावं तुला लागेल.

सुचित्रामावशी